पाहुण्याचं नाव कोण घेणार

दवाखान्याच्या औषध भांडारात वीस-बावीस वर्षं काढली की माणसाला याद्यांची सवय लागते. माझी ती सवय रोज संध्याकाळी गडचिरोलीहून आरमोरीच्या एसटीत माझ्यासोबत बसून घरी येते. घरी किराण्याची यादी आहे, भांड्यांची आहे, कोणाच्या लग्नाला काय दिलं आणि आपल्याला काय आलं त्याचीही आहे. आणि एक वही अशी आहे जिचा कोणालाच काही उपयोग नाही. बातम्या सांगणारे लोक परदेशी नावांचं काय करतात, ते मी तिच्यात लिहून ठेवते.

वहीत चार रकाने आहेत. वार, वाहिनी, मूळ नाव, आणि त्याचं काय झालं. सात वर्षांच्या नोंदींवरून मी निवेदकांचे प्रकारही पाडले आहेत. पहिला प्रकार धावणाऱ्यांचा. अवघड नाव समोर दिसलं की हे दोन वाक्यं आधीपासून वेग घेतात आणि खड्ड्यावरून सायकल न्यावी तसे नावावरून निघून जातात. दुसरा प्रकार गिळणाऱ्यांचा. पहिलं अक्षर ठणठणीत, बाकीचं पोटात. तिसरे वळसा घालणारे. यांच्या बातमीत कोणालाच नाव नसतं, सगळे 'त्या देशाचे प्रमुख' नाहीतर 'संबंधित नेते' असतात. चौथे मात्र धीट. जे तोंडात येईल ते पूर्ण आत्मविश्वासाने म्हणतात आणि कॅमेऱ्याकडे असं बघतात की चूक आपल्याच कानाची वाटावी. माझी खरी मर्जी या चौथ्यांवर आहे. बुर्किना फासोच्या राजधानीचं नाव एकीने अशा थाटात घेतलं होतं की आमचे हे ताटावरून मान वर करून म्हणाले, शेळ्या हाकलताना असंच म्हणतात ना? आइसलँडच्या राजधानीचे एकाच बातमीपत्रात तीन उच्चार झाले. पहिला सुरुवातीला, दुसरा मध्ये आणि तिसरा शेवटी, जणू तीन वेगळ्या शहरांत तीन वेगळे भूकंप झाले होते.

या कार्यक्रमाच्या तिसऱ्या प्रेक्षक म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणते. त्या बातम्या मनापासून बघतात, पण नावांच्या फंदात पडत नाहीत. परदेशी नेत्यांना त्यांनी आपापल्या खुणा दिल्या आहेत. एक ओठ न हलवता बोलणारा आहे, एक सारखा घड्याळ बघणारा, आणि एक बाई आहे जिचा कोट दर वेळी नवा असतो. मी वही काढली की त्या म्हणायच्या, "नाव कायले पायजे वो बाई? वळख पटली म्हनजे झालं." हा सराव त्यांना जुना आहे. माझ्या सासऱ्यांचं नाव न घेता त्यांनी अख्खा संसार केला. रेशनकार्डावर नाव विचारणाऱ्या बाबूलाही त्यांनी मुलाचं नाव सांगून 'याचे बाबा' एवढ्यावर निभावलं होतं.

पण नाव न घेण्याची हीच कला त्यांच्या अंगाशी आली.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात कोणीही पाहुणा आला की त्याचं स्वागत आई करतात. विहाराच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा डोक्यावर विटा वाहिलेल्या बायकांपैकी आता त्या एकट्याच उरल्या आहेत, म्हणून हा मान त्यांचा. माइक हातात आला की त्यांचं वय दहा वर्षांनी कमी होतं. मागच्या हिवाळ्यात धानाच्या जुन्या वाणांचा अभ्यास करणारी एक परदेशी बाई विहार बघायला आली. तिचं नाव लांबलचक होतं. आईंनी तिच्या नावाचा कागद हातात घेतला, त्याच्याकडे बघितलं, घडी घातली आणि माइकवर म्हणाल्या, "ह्या बाई समुद्राच्या पलीकडून आल्या हायेत. यांचं नाव या कागदावर लिवलं हाये. ज्याले वाचता येते त्यानं येऊन वाचून जावं."

सगळे हसले. पाहुणी बाईही हसली, तिला काही कळलं नव्हतं तरी. पण कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं होतं. दोन दिवसांत तो तुकडा आमच्या नात्यातल्या झाडून सगळ्या गटांवर फिरला. चंद्रपूरहून नणंदेचा फोन आला, पार सिरोंच्याहून माझ्या मावसबहिणीचा आला, की इथे तेलुगू बोलणाऱ्या शेजारणींनाही अर्थ सांगावा लागला नाही, तोंड बघूनच हसल्या. आईंनी तो तुकडा एकदा बघितला आणि मोबाइल उलटा ठेवला.

यंदा धान निघाल्यावर विहाराच्या समितीला निरोप आला की थायलंडचे एक भन्ते या भागात येणार आहेत आणि एक सकाळ आपल्याकडे देतील. समितीच्या सचिवांनी बैठक बोलावली. मंडप, गाद्या, भोजनदान सगळं ठरलं. भन्ते दुपारनंतर जेवत नाहीत, म्हणून अकराच्या आत जेवण, हे मी यादीत लाल शाईने लिहिलं. बाईमाणसाने त्यांच्या हातात थेट काही द्यायचं नाही, समोरच्या कापडावर ठेवायचं, हेही लिहिलं. मग सचिवांनी घसा साफ केला. परिचय यंदा कॉलेजातले प्राध्यापक करून देतील, त्यांचं इंग्रजी चांगलं आहे, पाहुण्याचं नाव नीट घेतलं गेलं पाहिजे, असं ते कोणाकडेच न बघता म्हणाले. प्राध्यापक नम्रपणे चटईकडे बघू लागले. त्यांना आधीच सांगितलेलं असणार.

आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, एक डाव मले द्या. नाव चुकलं तं माइकले पुन्हा हात नाई लावनार. तुमीच सांभाळा मंग."

यावर नाही म्हणायची सोय नव्हती. सचिवांनी होकार दिला, पण प्राध्यापक नावाचा कागद खिशात ठेवून पुढच्याच रांगेत बसतील, असंही ठरवून टाकलं. म्हणजे एकच नाव, एकदाच, आणि त्यावर आईंचा वीस-पंचवीस वर्षांचा मान. घरी येताना त्या माझ्या पुढे चालत होत्या. अंगणात पोचल्यावर वळून म्हणाल्या, "तुयी ती वही काढ."

माझ्या वहीला सात वर्षांत पहिल्यांदाच काम मिळालं. आठ दिवस हातात होते. मी पद्धतशीर सुरुवात केली. भन्त्यांचं नाव आधी निमंत्रणपत्रिकेवर इंग्रजी अक्षरांत आलं होतं, ते उतरवलं. मग भन्त्यांसोबत फिरणाऱ्या दुभाषी गृहस्थांना नागपूरला फोन केला, त्यांनी केलेला उच्चार लिहिला. एका वाहिनीने त्यांच्या दुसऱ्या गावच्या भेटीची बातमी दिली होती, ती मोबाइलवर शोधून ऐकली. निवेदक धावणाऱ्यांपैकी होता, त्यामुळे अकरा वेळा ऐकावी लागली. शेवटी प्राध्यापकांनाही विचारलं. चार ठिकाणचे चार उच्चार चार रकान्यांत उतरले. पहिल्या अर्ध्या भागात 'थम्म' असं काहीतरी आहे, एवढ्यावर चौघांचं एकमत होतं. उरलेल्या अर्ध्याचं प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे केलं होतं. तो उरलेला अर्धा मी इथेही लिहीत नाही. पाहुण्याचं नाव आहे, आणखी किती जणांच्या तोंडी घालायचं?

भांडारात एकाच औषधाच्या चार नोंदी जुळल्या नाहीत की आम्ही जास्त जुळणारी धरतो. मी तेच केलं. प्रत्येक अक्षरापुढे बहुमत मोजलं आणि पाचवा रकाना काढून त्यात 'ठरलेलं' नाव लिहिलं. आता कळतं की या पद्धतीने तयार झालेलं नाव जगात कोणाचंच नव्हतं. तेव्हा मात्र मला माझं कौतुक वाटलं होतं.

ते नाव मी जाड स्केचपेनने चार कागदांवर लिहिलं. एक तांदळाच्या डब्यावर चिकटवलं, एक न्हाणीच्या दारावर, एक आईंच्या उशाशी आणि एक टीव्हीच्या खाली. सकाळ-संध्याकाळ तालीम सुरू झाली. आई लाखोळीची डाळ निवडत बसायच्या, मी समोर बसून एकेक तुकडा म्हणायचे आणि त्या माझ्यामागून म्हणायच्या. तुकडे सगळे यायचे. जोडले की दर वेळी नवाच माणूस तयार व्हायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "हे नाव नोहोय बाई, हे तुया दवाखान्यातलं औषध होय. दिवसातून दोनदा देऊन राह्यली मले."

आमच्या ह्यांनी सल्ला दिला की नाव आलं की खोकायचं, वयस्क माणसाच्या खोकल्यावर कोणी शंका घेत नाही. आईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून गाडी पुसायला गेले. पाचव्या दिवशी मीच मागच्या दाराने एक तह सुचवला. 'आदरणीय पूज्य भन्ते' असं भारदस्त म्हणावं आणि पुढे सरकावं. आई म्हणाल्या, पुढे सरकूनच तर इथवर आलो. मग मी पुन्हा तुकडे म्हणू लागले. आदल्या संध्याकाळी त्यांनी सलग सहा वेळा नाव घेतलं. सहापैकी एकही माझ्या पाचव्या रकान्याशी जुळलं नाही. मी मनातल्या मनात दुसरी यादी सुरू केली होती, की हे सगळं झाल्यावर त्यांना कुठे घेऊन जावं, चंद्रपूरला नणंदेकडे चार दिवस, की आणखी लांब.

सकाळी नऊला भन्ते आले. साठीचे, शांत, भुवया नसलेले. तिकडे केसांसोबत भुवयाही काढतात, हे मला माहीत होतं, यादीत लिहिलं होतं, तरी मुलं टक लावून बघायची थांबली नाहीत. आई पांढरी साडी नेसून माइकजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. हातात माझा कागद होता, घडी न घातलेला. पुढच्या रांगेत प्राध्यापक खिशावर हात ठेवून तयार होते.

सुरुवात वंदनेने झाली. आमच्याकडे ती सगळे मिळून म्हणतात, पण त्या दिवशी सचिवांनी भन्त्यांना विनंती केली की आधी तुम्ही म्हणा. भन्त्यांनी डोळे मिटले आणि त्रिशरण सुरू केलं. मंडपात एकदम चुळबूळ झाली. कारण चाल जवळपास आपलीच, शब्दांची जागा आपलीच, पण शब्द अनोळखी. आपण 'बुद्धं' म्हणतो तिथे ते 'फुत्थंग' म्हणत होते. 'गच्छामि'च्या जागी 'खच्छामि' येत होतं. मागे दोन पोरी ओढणीत तोंड घालून हसल्या. मी मान वळवून त्यांना दटावलं, आणि वळताना माझी नजर आईंवर गेली.

त्या हसत नव्हत्या. त्या पुढे झुकून ऐकत होत्या आणि ओठ हलवत होत्या. आता एक सांगायला हवं. बातम्यांतल्या नावांशी आईंचं कितीही वाकडं असलं तरी वंदनेच्या बाबतीत त्यांच्याइतकं कडक माणूस तालुक्यात नाही. रोज पहाटे अंघोळ झाली की त्या उभ्याने पूर्ण वंदना म्हणतात. विहारात कोणी एखादा 'ध' नुसता 'द' करून टाकला तर त्या हात वर करून सगळ्यांना थांबवतात आणि पहिल्यापासून म्हणायला लावतात. लग्नात वर-वधूलाही त्यांनी थांबवलेलं आहे. पाली भाषा त्या शिकलेल्या नाहीत. पण तिचं एकेक अक्षर त्यांच्या कानात आपल्या जागी बसलेलं आहे, आणि जागेवरून हललेलं त्यांना लगेच कळतं.

'धम्मं'च्या जागी भन्ते 'थम्मंग' म्हणाले, तेव्हा आईंचे ओठ थांबले. त्यांनी मांडीवरच्या माझ्या कागदाकडे बघितलं. मग त्यांनी शांतपणे त्याची घडी घातली, एकदा, दोनदा, आणि तो पदराखाली सरकवला.

मागच्या वर्षीही घडीच घातली होती. प्राध्यापकांनी खिशातला कागद अर्धा बाहेर काढला.

आई उठल्या. माइक तोंडापासून एक वीत लांब धरला, तसाच त्या नेहमी धरतात. पाहुणे कुठून आले, किती दुरून आले, ते सांगितलं. देशाचं नाव बरोबर घेतलं. मग त्या थांबल्या, आणि भन्त्यांचं नाव घेतलं. घाई नाही, खोकला नाही, वळसा नाही. पहाटे वंदनेत म्हणतात त्या आवाजात, एकेक अक्षर सुटं आणि भरदार. सुरुवातीला 'थम्म' नव्हतं, आपलं 'धम्म' होतं. आणि पुढचा अर्धा भागही माझ्या पाच रकान्यांपैकी एकातलाही नव्हता.

सचिव पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. प्राध्यापक उभे राहिले आणि आदबीने, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, नाव थोडं चुकलं." आणि त्यांनी आपल्या कागदावरचं वाचलं. ते त्यांनी छानच वाचलं. वाहिनीवरच्या माणसापेक्षा कितीतरी बरं.

आई खाली बसल्या नाहीत. त्या भन्त्यांकडे बघत उभ्या राहिल्या.

भन्ते बाजूच्या दुभाष्याशी बोलू लागले. बोलणं लांबलं. दुभाषी दोनदा मान हलवून आईंकडे बघत होता. शेवटी त्याने माइक मागितला. तो म्हणाला, भन्ते सांगतात, दीक्षा घेताना आमच्याकडे पाली नाव देतात. गुरू ते वहीत लिहितात. या माताजींनी घेतलं ते नाव वहीत लिहिलंय तसं आहे. सरांनी वाचलं ते आमचे लोक म्हणतात तसं आहे. मी स्वतःही तसंच म्हणतो, कारण आमची जीभ तशी वळते. पण लिहिल्याप्रमाणे पूर्ण नाव मी फार वर्षांनी ऐकलं. माताजींना विनंती आहे, त्यांनी ते पुन्हा एकदा घ्यावं.

आईंनी पुन्हा एकदा घेतलं. या वेळी मागच्या पोरींनी ओढणी खाली केली होती.

घरी गेल्यावर मी त्यांना विचारलं की हे जमलं कसं. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. आपल्या 'ब'ले ते 'फ' म्हनतेत, 'ग'ले 'ख', 'ध'ले 'थ', मंग नावातलंही तसंच झालं असन, उलटं लावलं, झालं. वंदनेत जे शब्द रोज येतात तेच तर नावात होते, तू त्याचे तुकडे करून मले खाऊ घालत होतीस म्हणून ओळखू आले नाहीत, असं त्या म्हणाल्या.

पण ते घरी. विहारात अजून कार्यक्रम उरला होता. अकराच्या आत भोजनदान झालं, अकराला बारा मिनिटं कमी होती, मी घड्याळ बघितलं. मग सचिव आईंकडे आले. मागच्या बैठकीत ते कोणाकडेच न बघता बोलले होते, आता थेट बघून बोलले. आभारही तुम्हीच माना बाई, म्हणाले. आणि पुढच्या पौर्णिमेला जे पाहुणे आहेत त्यांची नावं तुमच्याकडे आधी पाठवू का? आई म्हणाल्या, आठ दिवस आधी पाठवा, आणि आपल्या लिपीत पाठवा. प्राध्यापकांनी ते लिहून घेतलं. आईंनी त्यांना जवळ बसवून पाणी दिलं आणि म्हणाल्या, सर, तुमीही बरोबरच म्हनलं होतं, फक्त तिकडचं. प्राध्यापक हसले. माणूस मनाने चांगला आहे.

जेवणानंतर भन्त्यांसाठी बिनदुधाचा चहा ठेवला होता. तो घेता घेता त्यांनी दुभाष्याला काही सांगितलं आणि आईंना बोलावणं आलं. त्या समोर, थोड्या अंतरावर, चटईवर बसल्या. भन्त्यांनी स्वतःचं नाव लिहिल्यासारखं म्हणून बघितलं. पहिलंच अक्षर 'थ' झालं.

"नाई भन्ते," आई म्हणाल्या, "पोटातून काढा."

दुभाष्याने हे कसं सांगावं म्हणून क्षणभर विचार केला आणि शेवटी स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवला. भन्त्यांनीही चिवरावर हात ठेवला आणि पुन्हा म्हणाले. पुन्हा 'थ'. आईंनी हात वर करून थांबवलं, लग्नात थांबवतात तसंच. मी सचिवांकडे बघितलं, सचिव माझ्याकडे. दूरदेशीच्या पाहुण्याला कोणी थांबवतं का? पण भन्ते मुकाट्याने पहिल्यापासून सुरू झाले. तिसऱ्यांदा 'थ'च्या खाली काहीतरी घुमलं. चौथ्यांदा आणखी जवळ आलं. पाचव्यांदा ते थांबले, डोळे मिटले आणि म्हणाले, आणि या वेळी 'ध' जवळजवळ 'ध'सारखाच आला.

आईंनी डोकं तिरपं करून ऐकलं.

"आता जमून राह्यलं," त्या म्हणाल्या. "पन रोज म्हना."